जेट बोटीची लाट गुडघ्याच्या वर जाईना, वजन कुठं टाकू? (कर्लीची खाडी)

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी. मालवणजवळ देवबागला भावाबरोबर पर्यटकांच्या बोटी चालवतो. बनाना, बंपर, जेट स्की हे आता सगळ्यांकडेच आहे, म्हणून दिवाळीनंतर एक जुनी २१ फुटी जेट बोट घेतली. दोन इंजिनं, दोन पंप. घेताना डोक्यात एकच होतं, वेकसर्फिंग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोटीच्या मागं जी लाट उठते तिच्यावर फळी घेऊन उभं राहायचं. सुरुवातीला दोरी धरायची, लाट ढकलायला लागली की दोरी टाकून द्यायची. वेग फार नसतो, ताशी १६ ते १९ किलोमीटर. आउटबोर्डच्या (मागं बाहेर लटकवलेल्या इंजिनाच्या) मागं हे करायचं नसतं, कारण माणूस बोटीच्या इतका जवळ असतो की पंखा त्याच्या पायापाशीच फिरतो. जेटचा पंखा पंपाच्या आत असतो, म्हणून जेट घेतली.

आता रडगाणं. लाट गुडघ्याच्या खालीच राहते. दोरी सोडली की तीन सेकंदांत फळी बसते. मागच्या डाव्या कोपऱ्यात चार निळी पिंपं ठेवली, प्रत्येकात अर्धं पाणी. पहिल्याच वळणाला चारही पिंपं घसरत उजवीकडे गेली, बोट एवढी कलली की भाऊ चहाच्या थर्माससकट सीटखाली. आता पिंपं बांधून ठेवतो, पण लाट तशीच. मध्येच एखादी फेरी झकास लागते, पुढच्या फेरीला काही नाही. वजन तेच, स्क्रीनवर वेग तोच १७. भुताटकी आहे का? जागा: बेटाच्या आतल्या अंगाला, जिथं वारा लागत नाही. माझं वजन ८४, डावा पाय पुढे.

तांडेल_आचरा

अरे बाबा, लाटेसाठी पैसे कित्याक घालवतंस? मिरगात ये, फुकट दाखवतंय.

कर्लीकाठ

काका, मिरगात बोट शेडमध्ये असते. मेअखेरीला सगळं बंद होतं ते सप्टेंबरपर्यंत. :)

टेक्सासरिटर्न

चार वर्षं तिकडच्या तळ्यांवर मित्राच्या १९ फुटी जेट बोटीमागे हेच उद्योग केलेत, सध्या मुक्काम पुणे. आधी ती पिंपं काढा. अर्धं भरलेलं पिंप म्हणजे बोटीत सोडलेला रेडा. बोट कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. वजन पाण्याचंच घ्या, पण भांडं गच्च भरलेलं हवं, आत हवेचा फुगा राहता कामा नये. तिकडे त्यासाठी जाड पिशव्या मिळतात, छोट्या पंपानं भरायच्या नि रिकाम्या करायच्या. इथं नसतील तर वीस लिटरचे पाण्याचे जार बरे. एका माणसाला उचलता येतात, एकेक करून हलवता येतात, आणि लाट लावताना तेच तर करायचं असतं.

वाळूच्या गोण्या अजिबात नको. बोटीत पाणी शिरलंच तर पाण्याच्या जारचं वजन पाण्यात उरत नाही, वाळूचं उरतं.

वजन कुठं? तुमचा डावा पाय पुढे, म्हणजे लाट डावीकडची, तरच तोंड लाटेकडे राहतं. तेव्हा मुख्य वजन मागे डावीकडे. पण सगळंच मागं कोंबलंत तर लाट उंच होते, आखूड होते आणि माथ्यावर फुटते. दिसायला फोटोत छान, उभं राहायला बेकार. थोडं पुढे, नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) डावीकडेच ठेवलं की लाट लांबते आणि ढकल येते. मी चारातला एक जार पुढे ठेवून सुरुवात करीन, मग एकेक जार इकडून तिकडे. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्यात की कशानं काय झालं हे कधीच कळत नाही, आमचा अख्खा एक उन्हाळा त्यात गेला.

आणि ८४ किलोला कुठली फळी? चार-साडेचार फुटी असेल तर लाटेला उगाच दोष देताय. पाच फुटांच्या वरची, जाड घ्या.

पिस्टनराव

जेटवाल्यांसाठी दोन शब्द. बोट डावीकडे फार कलवली की उजव्या पंपाचं तोंड पाण्यातून वर येतं आणि तो हवा ओढतो. ओळखायची खूण कानात आहे: इंजिनाचा आवाज एकदम मोकळा होतो, आरपीएम उडतं, ढकल जाते. तसं झालं की वजन काढायचं, थ्रॉटल द्यायचा नाही.

दुसरं, कर्लीत वाळू. जेट पंप वाळू ओढतो आणि इंपेलरभोवतीची (आतल्या पंख्याभोवतीची) कडी खातो. फट वाढली की पंप घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं पण पाणी मागं जात नाही. जुनी बोट आहे म्हणता, तर वजनाचा खेळ मांडण्याआधी ती फट बघून घ्या. तीन फुटांच्या आत पाणी असेल तिथं इंजिन चालूच करायचं नाही, वल्ह्यानं पुढे ढकला.

संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुता ना? आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी इंजिनात शिरतं. अवांतर झालं, पण यात हात पोळलेले बरेच पाहिलेत.

कर्लीकाठ

फळी चार फूट आठ इंची आहे. *तोंड लपवणारी बाहुली*

फट उद्या बघतो. पण मूळ प्रश्न राहिलाच: एक फेरी झकास, पुढची बेकार, हे का?

जुना_चीफ

तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता वेंगुर्ल्यात आंब्याची कलमं सांभाळतो. तुमच्या भुताला सूत्र आहे.

खोल पाण्यात बोटीमागची आडवी लाट बोटीच्याच वेगानं चालते, आणि लाटेची लांबी वेगाच्या वर्गावर ठरते. वेग मीटर-सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६४ नं गुणा, आली लांबी मीटरमध्ये. ताशी १७ किमीला १४ मीटर. ताशी १४ ला जेमतेम पावणेदहा. ताशी २० ला जवळजवळ वीस. बघा, तीन किमी इकडेतिकडे झाले की लाट दोन-तृतीयांश तरी होते नाहीतर दीडपटीच्या जवळ जाते.

आता तुमचा १७ हा आकडा कुठला? स्क्रीनवरचा, म्हणजे जीपीएसचा. तो जमिनीशी मोजलेला वेग. लाटेला जमीन ठाऊक नाही, तिला पाणी ठाऊक. खाडीत ओहोटीचा ओघ ताशी ३ किमी असेल, तर ओघाविरुद्ध जाताना स्क्रीनवर १७ म्हणजे पाण्यात २०, आणि ओघाबरोबर येताना स्क्रीनवर १७ म्हणजे पाण्यात १४. जाताना वीस मीटरची लांबट, मऊ लाट, येताना दहाची आखूड. वजनाचा त्यात काय दोष?

तुमच्या २१ फुटी बोटीला तरंगत जायची मर्यादा साधारण ताशी ११ किमी. त्यापुढे ती आपल्याच लाटेचा चढ चढायला लागते, नाळ वर, बूड खाली. वेकसर्फिंगचा वेग नेमका या चढावरचा. बोट धड तरंगत नाही, धड पाण्यावर चढत नाही, म्हणूनच पाणी सगळ्यात जास्त ढवळलं जातं आणि लाट मोठी होते. म्हणूनच थ्रॉटल तिथं सुईच्या टोकावर असतो. वेग पक्का करायचं बटण असेल तर वापरा.

तांडेल_आचरा

चीफ बरोबर सांगतत. तुझ्या मशिनीतलो आकडो जमनीवरचो वेग सांगता, पाण्यावरचो न्हय. आमका ह्या सूत्राशिवाय ठावक आसा.

पण दुसरी गोष्ट कोणीच बोलूक नाय. बेटाच्या आतल्या अंगाक सुकतीक होडी टेकता. भरतीक पण थंय एक वावाच्या वर पाणी नाय. तू थंय लाट करूक गेलंस? आधी पाणी मोज, मगे वजन घाल.

जुना_चीफ

तांडेल, हे मी लिहायला हवं होतं. शंभर टक्के अनुमोदन.

एक वाव म्हणजे सहा फूट, दोन मीटर धरू. उथळ पाण्यात लाटेला वेगाची मर्यादा असते, ती खोलीवर ठरते: खोली गुणिले ९.८, त्याचं वर्गमूळ. दोन मीटर पाण्यात ती मर्यादा ताशी १६ किमी. म्हणजे तुम्ही १७ नं जाता तेव्हा बोट लाटेच्या पुढे पळते. त्या मर्यादेच्या पुढे मागची आडवी लाट राहतच नाही, दोन्ही बाजूंना जाणाऱ्या तिरक्या लाटा तेवढ्या उरतात. फळीवाल्याला ढकलणार कोण? आणि मर्यादेच्या आसपास असताना बूड खाली ओढलं जातं, इंजिन उगाच दमतं. तीन मीटरला मर्यादा साडेएकोणीस, साडेचार मीटरला चोवीस. किमान साडेचार मीटर, म्हणजे अडीच वाव पाणी शोधा. जास्त मिळालं तर सोनं.

कर्लीकाठ

दोघांनाही साष्टांग. जन्म या खाडीकाठी गेला नि पाणी मोजायचं सुचलं नाही. आज दोरीला शिसं बांधून बेटापासून वरच्या अंगापर्यंत मोजत गेलो. आतल्या अंगाला भरतीच्या वेळी सात फूट. मुख्य पाटात (खाडीच्या खोल प्रवाहात) वर एक लांब पट्टा सापडला, तिथं भरतीला पंधरा-सोळा.

खारफुटी

वाचतेय. सगळे लाट मोठी कशी करायची ते सांगताहेत, ती काठाला लागल्यावर काय होतं तेही कोणीतरी लिहा, म्हणून मी लिहिते.

जोरात जाणाऱ्या हलक्या बोटीपेक्षा ही हळू जाणारी जड बोट काठाचं जास्त नुकसान करते, कारण ती मुद्दाम जास्त पाणी ढवळते. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, एका अंगाला कर्ली, मध्ये गाव. काठ आधीच खचतोय. माझ्या माहेरी (गाव सांगत नाही) खारबंधाऱ्याचे दगड बोटींच्या लाटांनी सुटलेले मी पाहिलेत. शिवाय ओहोटीला बायका कंबरभर पाण्यात तिसऱ्या नि मुळे (शिंपले) काढत असतात, त्यांना लाट मागून लागते.

टेक्सासरिटर्न

रास्त मुद्दा. तिकडेही तळ्याकाठच्या घरवाल्यांशी यावरून कायम भांडणं. आम्ही पाटाच्या मधोमध राहायचो आणि एकाच पट्ट्यात दिवसभर फेऱ्या मारायचो नाही.

निदान भरतीलाच गेलं तर तिसऱ्या काढणाऱ्या बायका पाण्यात नसतात.

खारफुटी

नसतात, पण भरतीला लाट काठाच्या वरच्या मातीला लागते, मुळांच्या वर. ते काही बरं नव्हे. रुंद पाट असेल तिथेच करा. आणि मालवणला किल्ल्याजवळ अभयारण्याच्या पाण्यात हे कोणी करू नये. ते १९८७ पासून राखीव आहे, उगाच नको.

कर्लीकाठ

ताई, मान्य. नवा पट्टा रुंद आहे, दोन्हीकडे काठ लांब. एका दिवसात सहापेक्षा जास्त फेऱ्या करणार नाही. आमच्या आईनंही हेच सांगितलं, ती स्वतः तिसऱ्यांना जाते. तिचे शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत.

आता वेळ कुठली धरू? सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी काचेसारखं, अकरानंतर खारा वारा सुटला की चुरचुर लाटा. भरतीही सकाळीच हवी आणि ओघही थांबलेला हवा.

तांडेल_आचरा

भरतीच्या वेळेक तिथीची पाऊणपट कर. दशमीक साडेसात, द्वादशीक नऊ. शुद्ध असो नायतर वद्य. भरती पुरी झाली की थोडो वेळ पाणी उभा रवता, तोच तुझो वेळ. अष्टमीच्या भांगाक पाणी चढणा नाय, पुनवेक चढता पण ओघ ओढता. दशमी ते त्रयोदशी बरी. पावण्यांका कॅलेंडर दी.

टेक्सासरिटर्न

हे असलं कुठल्याच बोटीच्या मॅन्युअलमध्ये नाही. पंचांग बघून वेकसर्फिंग! (दिवे घ्या)

कर्लीकाठ

धागा वर काढतोय. तीन आठवडे गायब होतो, कारण सांगतो.

पहिल्याच चाचणीत मी शेण खाल्लं. भाऊ पडला, त्याला घ्यायला बोट वळवली, त्याच्याजवळ येऊन लिव्हर न्यूट्रलला. जेटला गिअर नसतो. न्यूट्रल म्हणजे फक्त मागचं झाकण अर्धं खाली, आत इंपेलर फिरतच असतो. मला हे माहीत होतं, पर्यटकांना रोज सांगतो. दोरी ढिली होऊन बोटीच्या बुडाखाली गेली. एक 'खुळ्ळ' असा आवाज, मग डावं इंजिन बंद.

किल्ली काढली, नांगर टाकला, मागच्या फळीखालचं झाकण उघडलं. त्यातून हात कोपरापर्यंत जातो, त्यापुढे बोटांनी चाचपायचं. दोरी शाफ्टवर अशी घट्ट बसली होती की दोन वेढे वितळून एक झाले होते, हाताला मेणबत्तीसारखे गुळगुळीत. चाकू घसरायचा. शेवटी किनाऱ्यावरच्या टपरीतून पाव कापायची दातेरी सुरी मागवली, तिनं एकेक पदर कापत पावणेदोन तास. तोवर ओहोटी लागली आणि आम्ही वाळूवर. पुढचे सहा तास भावाचं तोंड बघत बसलो. मग शाफ्टचं सील बदलावं लागलं, मुंबईहून यायला पंधरा दिवस.

आता नियम: माणूस पाण्यात आणि बोट जवळ, तर दोन्ही इंजिनं बंद. दोरी आधी हातानं आत ओढून घ्यायची, मग दुसरं काहीही.

पिस्टनराव

दातेरी सुरी बोटीतच ठेवा. माझ्याकडे दोन आहेत.

आणि इंजिनं बंद करायला आणखी एक कारण: धूर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसून पाय पाण्यात सोडायचे, फोटो काढायचे, हे पर्यटकांना करू देऊ नका. अशानं बाहेरदेशी माणसं मेलेली आहेत.

कर्लीकाठ

नोंद केली. आता निकाल. परवा वद्य एकादशी, भरती सव्वाआठ. पावणेआठला पट्ट्यावर. आधी एकाच आरपीएमला वर आणि खाली एकेक फेरी: जाताना स्क्रीनवर साडेसतरा, येताना सोळा. म्हणजे ओघ अजून थोडा होता. आठ-वीसला दोन्हीकडे पावणेसतरा. तेव्हाच आरपीएम पक्कं केलं आणि स्क्रीनवर टेप चिकटवून टाकली, बघायचीच नाही.

वजन: मागे डावीकडे बारा जार, पुढे डावीकडे चार. म्हणजे ३२० किलो, वर आम्ही तिघं. बोटीवरच्या पाटीवर जो आकडा दिलाय त्याच्या आत बसलं, तेही आधी हिशेब करून. लाट मांडीपर्यंत! पण माथा फुटत होता, पांढरा फेस खाली यायचा. टेक्सासदादांचं ऐकून मागचे दोन जार पुढे नेले. पुढच्या फेरीला माथा साफ, काचेसारखी हिरवी भिंत, आणि तिच्या पोटात एक खड्डा जिथं फळी आपसूक जाऊन बसते. आणखी दोन पुढे नेले तर लाट बसली. परत आणले.

जेटचा पांढरा फेस मधोमध राहतोच, त्याच्यात फळी गेली की पाय सुटतो. बाजूला राहायचं.

मी दोरी सोडून अकरा सेकंद. भाऊ (६१ किलो) दोरी सोडून उभाच राहिला, मी वळून बघेपर्यंत हात वर करून नाचत होता.

टेक्सासरिटर्न

वा! आता पुढची पायरी. उजव्या बाजूला, मागच्या टोकाच्या थोडं आधी, पाण्याखाली एक पाचर चिकटवतात. त्या बाजूचं पाणी अडतं, बोटीमागं उशिरा येऊन मिळतं, आणि डावीकडची लाट साफ होऊन लांबते. लाट डावी हवी तर पाचर उजवीकडे, इथं नवखे हमखास चुकतात. ती लावली की एवढं कलवायला लागत नाही, पिस्टनरावांचा पंपही हवा ओढणार नाही.

कर्लीकाठ

विकत किंमत बघून घाम फुटला. काचवाले काच उचलायला वापरतात ते सक्शन कप आणि प्लॅस्टिकची भाजी कापायची जाड फळी, असं घरी करता येईल का?

टेक्सासरिटर्न

आम्ही अगदी तेच केलं होतं. कप बोटीच्या सपाट बाजूलाच लागतात. जागा गोड्या पाण्यानं पुसून घ्या, मिठाचा थर असेल तर पाच मिनिटांत सुटतो. पाचरीला दोरी बांधून ती क्लीटला (बोटीवरच्या दोरी बांधायच्या खुंटीला) अडकवा, पण दोरी आखूड, पंपाच्या तोंडापर्यंत पोचता कामा नये. एकदा धडा घेतलाय ना! आणि बुडाला लावू नका, पंपात जाणारं पाणी बिघडतं. परत येताना वेग घ्यायच्या आधी काढून ठेवा.

पिस्टनराव

ती इंपेलरची फट बघितलीत का, की तेही राहिलं?

कर्लीकाठ

बघितली. कडी खाल्लेली आहे, पावसाळ्यात बदलणार. हंगाम संपेपर्यंत असंच.

तांडेल_आचरा

द्वादशीक नऊक मी येतंय. फळयेर उभो रवाचो नाय, नुसता बघूक. आणि आवशीक सांग, माझ्यासाठी तिसऱ्यो ठेव.

कर्लीकाठ

काका, या. पावणेनऊला जेटीवर. तुम्ही ७८ किलो असाल तर चार जार कमी भरतो, डावीकडे मागं तुम्हीच बसा.